कुपीतल्या चिठ्ठीवर उभा उद्याचा नकाशा

कोलकात्याच्या न्यू अलिपूर भागात भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं मुख्यालय आहे. संस्था 1916 सालची. तिच्या संग्रहात अल्कोहोलमध्ये बुडवलेले कोळी आहेत आणि प्रत्येक नमुन्यासोबत बोटभर चिठ्ठी: गाव, तारीख, कोणी पकडला. बी. के. टिकादार यांनी पुण्याच्या केंद्रात राहून महाराष्ट्रातल्या कोळ्यांवर काम केलं, पुढे ते याच संस्थेचे संचालक झाले. हवामान बदललं की कोळी कुठे सरकतील, हे सांगणाऱ्या नकाशांचं मूळ अशा चिठ्ठ्यांमध्येच असतं. हे नकाशे वाचताना चार गैरसमज हमखास आडवे येतात.

गैरसमज 1 : ऊन वाढलं की कोळीही वाढणार.

वस्तुस्थिती : काहींचं खरंच फावतं. आपल्या बागेत जाळ्याच्या मधोमध पांढरी नागमोडी नक्षी विणणारा कोळी दिसतो. त्याचा एक पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा भाऊबंद युरोपात आहे. एकेकाळी मुख्यतः भूमध्य समुद्राच्या आसपास राहणारा हा कोळी गेल्या शतकात बाल्टिक देशांपर्यंत पोचला. पण ज्याला जुन्या झाडाची ढोलीच लागते, त्याला नुसती ऊब देऊन काय उपयोग? आणि जो आधीच डोंगरमाथ्यावर राहतो, त्याने आणखी वर जायचं तरी कुठे? शिवाय आपल्याकडे कोळ्यांचं वर्ष तापमानाइतकंच पावसावर चालतं. पाऊस लांबला तर किडे उशिरा येतात आणि जाळी रिकामी राहतात.

गैरसमज 2 : कोळी वाऱ्यावर उडतात, तेव्हा हवी ती जागा गाठतीलच.

वस्तुस्थिती : लहान कोळी रेशमाचा धागा हवेत सोडून तरंगतात, हे खरं. 1832 मध्ये किनाऱ्यापासून सुमारे 60 मैलांवर असलेल्या बीगल जहाजाच्या दोरांवर असे असंख्य कोळी उतरलेले डार्विनने पाहिले. बिळाला झाकण लावून राहणाऱ्या कोळ्यांची गोष्ट मात्र वेगळी. ऑस्ट्रेलियात अशा एका मादीवर 1974 पासून नजर ठेवली होती. ती 43 वर्षं जगली, तीही एकाच बिळात. बहुतेक टॅरँटुलांची मजलही पायी जाण्याइतकीच. मधे हमरस्ता, वीटभट्टी किंवा उसाचा पट्टा आला की वाट खुंटली.

गैरसमज 3 : संगणकाने रंगवलेला नकाशा म्हणजे भाकीत.

वस्तुस्थिती : मॅक्सएंट हे या कामातलं लोकप्रिय सॉफ्टवेअर. कोळी जिथे सापडला तिथलं तापमान आणि पाऊस ते पाहतं, आणि पुढे तसंच हवामान कुठे असेल ते रंगवतं. उत्तर ‘तिथे कोळी असेल’ असं नसतं, ‘तिथलं हवामान त्याला मानवेल’ एवढंच असतं. त्यातही मेख आहे. वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून छातीइतक्या उंचीवर, झडपांच्या पांढऱ्या पेटीत टांगलेला असतो. कोळी राहतो सालीच्या फटीत, ओल्या पाचोळ्याखाली, वीतभर खोल बिळात. बाहेर चाळीस अंशांचा पारा असला तरी बिळात गारवा असू शकतो. हा फरक नकाशाच्या एक किलोमीटरच्या चौकोनात मावत नाही. आणि जीवही बदलतो: युरोपातला तो पट्टेरी कोळी उत्तरेकडे गेला तसतशी त्याची तापमान सोसायची पद्धतही बदलली. जुन्या सवयींवरून काढलेला अंदाज अशा वेळी चुकतो.

गैरसमज 4 : नोंद आहे तिथेच कोळी आहे, नोंद नाही तिथे नाही.

वस्तुस्थिती : हा सर्वांत महागात पडणारा गैरसमज. 1899 मध्ये प्राणिशास्त्रज्ञ पोकॉक यांनी आंध्रातल्या गुत्ती इथल्या झळझळीत निळ्या झाडकोळ्याला शास्त्रीय नाव दिलं. नमुना मिळाला होता रेल्वेच्या लाकूडवखारीत. पुढे शंभरेक वर्षं त्याचा पत्ता नव्हता. 2001 मध्ये तो सापडला सुमारे 100 किलोमीटरवर, नंद्याल आणि गिद्दलूर यांच्यामधल्या जंगलात. गुत्तीला तो बहुधा लाकडांसोबत रेल्वेने आला असावा. चिठ्ठी खरी, पण ते त्याचं घर नव्हे. उलट उदाहरण आपल्या ठाण्याचं. इतक्या गजबजलेल्या भागातल्या एका उडी मारणाऱ्या कोळ्याला नाव मिळालं थेट 2021 मध्ये: ‘आयसियस तुकारामी’, 26/11 चे शहीद तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ. तोवर तो कुठल्याच नकाशावर नव्हता, तरी ठाण्यात होताच.

संगणकापुढे असतो तो असा हजेरीपट. त्यात फक्त ‘हजर’ लिहिलेलं असतं, ‘गैरहजर’ कोणी मांडलेलंच नसतं. हजेरीही बहुधा रस्त्याकडेची, शहराजवळची, जिथे संशोधकाला पोचता आलं तिथली. म्हणून नकाशा रंगवण्याआधी एकाच भागात दाटलेल्या नोंदी विरळ कराव्या लागतात आणि जुनी गावं पुन्हा पायी तपासावी लागतात.

आज मोबाइलवर काढलेला फोटोही चिठ्ठीचं काम करू शकतो, त्यावर जागा आणि तारीख असेल तर. आणि शोधूनही जाळं दिसलं नाही, तर तेही लिहून ठेवावं. हजेरीपटातला तोच रकाना आजवर कोरा आहे.