कॉम्प्युटरवर टीव्ही ट्यून होत नाहीये? या क्रमाने तपासा 📡

ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांसाठी: यूएसबी ट्यूनर लावला की फ्रीव्ह्यू लॅपटॉपवर छान दिसतं. स्कॅनमध्ये चॅनेल सापडत नसतील, तर हे बघा.

१) लिनक्सवर आधी कर्नलचा लॉग वाचा. ट्यूनर ओळखला गेलाय, पण फर्मवेअरची फाइल सापडत नाही, अशी ओळ दिसली तर अँटेनाला हात लावू नका. ती फाइल टाका.

२) बीबीसी वन साधं दिसतं, एचडी नाही? तुमचा ट्यूनर बहुधा फक्त डीव्हीबी-टी आहे. एचडीला डीव्हीबी-टी२ लागतं, सेटिंग बदलून ते मिळत नाही.

३) जुनी फ्रिक्वेन्सी यादी टाकून द्या. 2020 पर्यंत 700 मेगाहर्ट्झचा पट्टा मोबाइलसाठी मोकळा केला गेला. आता मुख्यतः यूएचएफ 21 ते 48, म्हणजे 474 ते 690 मेगाहर्ट्झ, 8-8च्या टप्प्याने स्कॅन करा.

४) चित्राचे चौकोन पडतायत? सोबतचा छोटा अँटेना काढून छतावरच्या अँटेनाची केबल जोडा. ट्रान्समीटर जवळ असेल तर अँप्लिफायर काढून बघा. अतितीव्र सिग्नलनेही ट्यूनर गोंधळतो.

अडलात तर कमेंटमध्ये ट्यूनरचं मॉडेल आणि लॉगमधल्या ओळी टाका, नक्की मार्ग काढू!