अंगठा उठत नाही, चेहरा चालतो

नोव्हेंबर हा पेन्शनरांचा महिना. आपण हयात आहोत हे दरवर्षी सांगावं लागतं, नाहीतर पेन्शन थांबते. बँकेत पेन्शनच्या काउंटरवर मी बरीच वर्षं काढली. या महिन्यात शटर वर जायच्या आधीच पायऱ्यांवर म्हातारी माणसं येऊन बसलेली असत. कुणी खेड्यातून पहिल्या एस.टी.ने आलेलं, कुणाला मुलानं रजा काढून आणलेलं. एका सहीपायी सगळा दिवस जायचा. निवृत्त झाल्यावर मी कराडच्या ज्येष्ठ नागरिक संघात तेच काम फोनवर करतो. म्हणजे ज्याचं त्याला करायला शिकवतो.

१० नोव्हेंबर २०१४ रोजी केंद्र सरकारनं ‘जीवन प्रमाण’ ही सोय सुरू केली. आधारच्या साहाय्यानं ओळख पटवायची, की हयातीचा दाखला संगणकावरच तयार होतो आणि पेन्शन देणारं कार्यालय तो तिथूनच घेतं. सुरुवातीला त्यासाठी बोटाचा ठसा किंवा डोळ्याची बुबुळं लागत. अडचण बोटांचीच होती. वयोमानानं कातडी कोरडी पडते, बोटांवरच्या रेषा पुसट होतात. त्यात जिचा जन्म उसाच्या शेतात आणि राखेनं भांडी घासण्यात गेला, तिच्या रेषा मशीनला सापडायच्या कशा? साखर कारखान्यातल्या कामगारांच्या बायका ‘ईपीएस ९५’ या कर्मचारी पेन्शन योजनेतल्या विधवा पेन्शनसाठी येतात. “भाऊ, माझा अंगठाच उठत न्हाई,” असं सांगताना त्या चोरी पकडली गेल्यासारख्या ओशाळतात. त्यांचा काय दोष?

नोव्हेंबर २०२१ मध्ये चेहऱ्यावरून ओळख पटवायची पद्धत आली आणि या बायकांची त्यातून सुटका झाली. ठशाचं यंत्र नको, साधा स्मार्टफोन पुरतो. त्यात ‘आधार फेस आरडी’ आणि ‘जीवन प्रमाण’ अशी दोन अ‍ॅप लागतात. आधार क्रमांक, पेन्शनच्या आदेशाचा म्हणजे पीपीओचा क्रमांक, खाते क्रमांक भरायचा आणि कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करायची. समोर जिवंत माणूस आहे, नुसता फोटो धरलेला नाही, हे फोनला त्या उघडझापेवरून कळतं. उजेड तोंडावर हवा. पाठीमागे खिडकी असली की चेहरा काळा येतो, म्हणून मी खुर्ची भिंतीला पाठ करून ठेवतो. चष्मा काढायचा, डोक्यावरचा पदर थोडा मागे घ्यायचा. थोड्या वेळानं मेसेज येतो, त्यात प्रमाण क्रमांक असतो. तो वहीत उतरवून ठेवावा.

मात्र हा सगळा वेळ फोन पेन्शनरांच्याच हातात राहू द्यावा. आमच्याकडे नातवंडं येतात ती गुणी असतात, पण घाईची. “द्या आजी इकडे,” म्हणत फोन घेतात, पटापट बोटं चालवतात आणि काम झालं म्हणून परत देतात. आजीच्या डोक्यात काहीच शिरत नाही, आणि पुढच्या वेळी ती पुन्हा नातवाची वाट बघते. मी आग्रह धरतो, की बटण आजीनंच दाबायचं. वेळ लागतो, लागू दे. ज्या बाईनं स्वतः दाखला काढला, ती आठवड्याभरात पोराला व्हिडिओ कॉल लावायला शिकते, हे मी वारंवार पाहिलं आहे. ज्यांना कमी ऐकू येतं, त्यांना तर व्हिडिओ कॉल साध्या फोनपेक्षा सोयीचा. समोरच्याचे ओठ दिसतात, त्यावरून निम्मं कळतं.

पहिल्या दिवशी मी दोनच गोष्टी करून देतो. सेटिंगमध्ये जाऊन अक्षर मोठं करायचं, आणि कीबोर्डवरच्या माइकची खूण दाखवायची. ती दाबून मराठीत बोललं की अक्षरं आपोआप उमटतात. ज्यांना टाइप करायला जमत नाही, त्यांची निम्मी भीती तिथंच जाते. मग माणूस आपणहून यूट्यूबवर कीर्तन शोधतो, गोळ्यांच्या वेळेचा गजर लावतो. सरकारच्या ‘ई-संजीवनी’वर डॉक्टरांशी घरबसल्या बोलता येतं, पैसे पडत नाहीत. गुडघे धरलेल्या माणसाची नुसत्या सल्ल्यासाठीची एक खेप त्यामुळं वाचते.

पैशांच्या बाबतीत मात्र मी कडक आहे. मोठी ठेव ज्या खात्यात आहे, ते यूपीआयला जोडूच नये. किराणा-भाजीपुरती रक्कम राहील असं वेगळं खातं असावं. पैसे घ्यायला पिन लागत नाही, द्यायलाच लागतो. कुणी “पैसे पाठवतो, पिन टाका,” म्हणालं की तो चोर समजावा. ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची अटक कायद्यात नाही. वर्दीतला माणूस व्हिडिओवर दरडावू लागला तर फोन ठेवावा आणि घरच्यांना हाक मारावी. पैसे गेलेच, तर त्याच घटकेला १९३० या क्रमांकावर कळवावं. जितकं लवकर कळवाल, तितकी रक्कम पुढं जाण्याआधी अडवता येण्याची शक्यता जास्त. लाजेपायी लोक दोन-दोन दिवस कुणाशी बोलत नाहीत, आणि त्या दोन दिवसांतच सगळं निसटतं.

दाखल्याबद्दल अजून थोडं. ज्यांनी ऐंशी ओलांडली, त्या केंद्र सरकारच्या पेन्शनरांना १ ऑक्टोबरपासूनच तो देता येतो, म्हणजे नोव्हेंबरची गर्दी टळते. ‘ईपीएस ९५’वाल्यांना नोव्हेंबरचं बंधनच नाही, वर्षात कधीही द्यावा, तिथून बारा महिने चालतो. पुनर्विवाह केलेल्यांना किंवा पुन्हा नोकरीला लागलेल्यांना हा डिजिटल दाखला चालत नाही, त्यांनी कागदावरचाच द्यावा. आणि जे अंथरुणाला खिळले आहेत, त्यांच्यासाठी इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचा पोस्टमन घरी येऊन काम करून देतो. थोडं शुल्क पडू शकतं. पोस्टात आधी सांगून ठेवावं, आणि तो यायच्या दिवशी आधार, पीपीओचा कागद, पासबुक आणि ओटीपी येणारा फोन उशाशी काढून ठेवावा.