मुक्या इंग्रजीला वाचा

बीजिंग शहरांतील भाजलेलें बदक जगप्रसिद्ध आहे. चिनी भाषेंत त्याला ‘खाओया’ म्हणतात. परंतु चीनमधील हजारों सुशिक्षित लोक हा शब्द आज थट्टेनें स्वतःलाच लावून घेतात, आणि त्याचें कारण पाकशास्त्रांत नसून परीक्षेंत आहे. आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेला त्यांनीं ‘यास्स’ असें गोंडस नांव दिलें आहे. त्याच्या दोन अक्षरांचा अर्थ ‘सुसंस्कृत विचार’ असा होतो. परीक्षा देणें या क्रियेला ‘खाओ’ म्हणतात. तेव्हां यास्सची परीक्षा देणारा तो ‘खाओ-या’! सुरांचा थोडा फरक सोडला तर हा शब्द आणि बदकाचा शब्द कानाला एकच. टोफेल या दुसऱ्या परीक्षेचें नांव ‘थ्वोफू’ असें आहे. कोणीं कुशल विचारलें असतां आपण ‘आपल्या कृपेनें ठीक आहे’ असें म्हणतों, त्यांतील ‘आपल्या कृपेनें’ हाच त्याचा अर्थ. विनोद झाला खरा; पण भट्टींत भाजून निघाल्याची भावनाहि त्यांत आहे.

श्रोतेहो, आज मला बोलावयाचें आहे तें या परीक्षार्थींपैकीं प्रौढांविषयीं. शाळकरी मुलाचें एक वर्ष वायां गेलें तर त्याला दुसरें मिळतें. प्रौढाची गोष्ट निराळी. समजा, सिच्वान प्रांतांतील चेंगडू शहरीं एका इस्पितळांत काम करणारी चौतीस वर्षांची परिचारिका आहे. तिला ब्रिटनमध्यें आपल्या पेशांत नोंदणी करून घ्यावयाची आहे. तेथील नियमाप्रमाणें आयेल्ट्समध्यें ऐकणें, वाचणें व बोलणें या तीन भागांत प्रत्येकीं ७ आणि लिहिण्यांत ६.५ इतकी श्रेणी लागते. सर्वोच्च श्रेणी ९ आहे. रात्रपाळी संपवून, मुलाला शाळेंत पोंचवून, ती अभ्यासाला बसते. पहिल्या खेपेस तिला वाचनांत ७.५ मिळाले, ऐकण्यांत ७, लिहिण्यांत ६ आणि बोलण्यांत ५.५. परीक्षेचें शुल्क तिच्या पगाराच्या मानानें जड, निकाल सामान्यतः दोन वर्षेंच ग्राह्य, आणि वय कोणासाठीं थांबत नाहीं. ही बाई मीं कल्पिलेली आहे. परंतु तिची गुणपत्रिका अगदीं नेहमींची आहे. वाचनांत पुढें आणि बोलण्या-लिहिण्यांत मागें, असेंच चित्र चिनी परीक्षार्थींच्या निकालांत पुन्हां पुन्हां दिसतें.

परीक्षेचें स्वरूप थोडक्यांत सांगतों. ऐकण्याच्या भागांत ४० प्रश्न असतात व तो सुमारें ३० मिनिटें चालतो. ध्वनिमुद्रण एकदांच ऐकवितात. वाचनास ६० मिनिटें व ४० प्रश्न. लेखनास ६० मिनिटें. त्यांत एक लेख निदान १५० शब्दांचा व दुसरा निदान २५० शब्दांचा. बोलण्याची परीक्षा परीक्षकाशीं संभाषण करून ११ ते १४ मिनिटांत होते. तींत दिलेल्या विषयावर एक मिनिट विचार करून एक ते दोन मिनिटें अखंड बोलावें लागतें.

आतां प्रश्न असा कीं, जी बाई इंग्रजी उतारे इतके उत्तम वाचते ती तोंड उघडतांच अडखळते कां? या व्याधीला चिनी लोकांनींच नांव दिलें आहे: ‘याबा यिंग्यू’, म्हणजे मुकी इंग्रजी. तिचा इतिहास शाळेंत सांपडतो. सांस्कृतिक क्रांतीनंतर, १९७७ सालीं, विद्यापीठ-प्रवेशाची राष्ट्रीय परीक्षा पुन्हां सुरू झाली आणि इंग्रजीला क्रमाक्रमानें तींत मानाचें स्थान मिळालें. शिकण्याची हौस तर अपार होती. १९८२ सालीं बी. बी. सी.ची ‘फॉलो मी’ ही पाठमाला चीनच्या सरकारी दूरचित्रवाणीवर सुरू झाली, तेव्हां ती पाहण्यासाठीं अक्षरशः कोट्यवधि लोक बसत. २००१ सालीं प्राथमिक शाळेच्या तिसऱ्या इयत्तेपासून इंग्रजी शिकविण्याचें धोरण आलें. पण वर्ग मोठे, आणि परीक्षा मुख्यतः कागदावरची. जें विचारलें जातें तेंच शिकविलें जातें, हा नियम सर्वत्र सारखाच. शब्द डोळ्यांनीं ओळखावयाचा, योग्य पर्यायावर खूण करावयाची. जिभेला काम नाहीं.

परंतु सगळा दोष शाळेच्या माथीं मारणें अन्यायाचें होईल. खरें कारण अधिक खोल, म्हणजे दोन भाषांच्या स्वभावांत आहे. मराठींत ‘गेली’ एवढा एकच शब्द उच्चारला तरी काळ कळतो, लिंग कळतें, वचनहि कळतें. चिनी क्रियापद मात्र कधींच रूप बदलत नाहीं. काल मी जाणें, आज मी जाणें, उद्यां मी जाणें, असा त्याचा सरळ व्यवहार. क्रिया पुरी झाली असें दर्शविणारें एक लहानसें अव्यय आहे, पण तें पूर्णता सांगतें, काळ सांगत नाहीं. तसेंच नामाला सामान्यतः अनेकवचनाचा प्रत्यय नाहीं, आणि इंग्रजीच्या ‘अ’ व ‘द’ या उपपदांसारखें तर कांहींच नाहीं. तेव्हां चिनी माणूस ‘काल मी बाजारांत जातों’ अशा अर्थाचें इंग्रजी बोलतो, तें निष्काळजीपणामुळें नव्हे. ‘काल’ म्हणून एकदां सांगितल्यावर क्रियापदानें तेंच पुन्हां कां सांगावें, असें त्याच्या भाषेचें मत आहे. इंग्रजी मात्र तें सांगितल्यावांचून पुढें सरकूं देत नाहीं.

आणखी एक गंमत पाहा. बोलण्यांत ‘तो’ आणि ‘ती’ या दोहोंना चिनींत एकच शब्द आहे: ‘था’. लिहितांना अक्षरें निराळीं, पण उच्चार एकच. म्हणून व्याकरणांत पारंगत असलेला मनुष्यहि आपल्या आईचें प्रेमळ वर्णन करतां करतां तिला पुल्लिंगी सर्वनाम लावून मोकळा होतो. त्याला नियम ठाऊक नाहीं असें कोण म्हणेल? लेखणी हातीं दिली तर तो चुकणार नाहीं. नियम डोक्यांत आहे, जिभेवर नाहीं, एवढाच त्याचा अर्थ.

उच्चाराची अडचण याहूनहि सूक्ष्म आहे. चीनच्या प्रमाण भाषेंत शब्दखंडाचा शेवट स्वरानें किंवा न्, ङ् यांसारख्या अनुनासिकानें होतो. कोठें कोठें जीभ वळवून काढलेला र् येतो, तेवढाच अपवाद. सूर बाजूला ठेवले तर अशा शब्दखंडांची एकूण संख्या सुमारें ४०० आहे. शेवटीं ट्, ड्, क्, स् उच्चारण्याची संवयच नाहीं. जोडव्यंजनांची तर मुळींच नाहीं. हाँगकाँग व क्वांगतुंगमध्यें कँटनी बोलणाऱ्यांच्या भाषेंत शेवटीं प्, त्, क् येतात, परंतु ते तोंडांतच अडतात, बाहेर फुटत नाहींत. आणि इंग्रजीचें व्याकरण राहतें कोठें? शब्दाच्या शेपटींत! अनेकवचनाचा स् शेवटीं, भूतकाळाचा ट् किंवा ड् शेवटीं. शेवटचें व्यंजन गळलें कीं केवळ उच्चार बिघडत नाहीं, त्याबरोबर काळ गळतो आणि वचनहि गळतें. परीक्षकाला ऐकूं येतें तें मोडकें व्याकरण. परीक्षार्थी बिचारा व्याकरणाचीं पुस्तकें पुन्हां पाठ करूं लागतो. उपाय मात्र दांतांच्या मागें, जिभेच्या टोकाशीं असतो.

कांहीं चुकांना आपणांस हसण्याचा अधिकार नाहीं, कारण त्या आपल्याहि आहेत. ‘जरी’ म्हटलें कीं पुढें ‘तरी’ आलेंच पाहिजे, ही जोडी चिनींतहि आहे. म्हणून आपल्याप्रमाणेंच ते इंग्रजींत ‘ऑल्दो’ नंतर ‘बट’ घालतात. संख्येचेंहि तसेंच. चिनी लोक दहा हजारांच्या गटानें मोजतात. त्या गटाला ते ‘वान’ म्हणतात. आपल्या जुन्या गणितांतील ‘अयुत’ तो हाच. ‘थ्री हंड्रेड थाउजंड’ असें ऐकतांच आपण मनांत तीन लक्ष करतों, ते तीस वान करतात. आणि तेवढ्या क्षणांत एकदांच ऐकवावयाचें ध्वनिमुद्रण पुढें निघून जातें.

अशा स्थितींत वेळेची तूट असलेला प्रौढ आडवाट शोधतो यांत नवल नाहीं. शिकवणीवर्गांचा तर तेथें मोठा उद्योगच उभा राहिला. पूर्वीं बीजिंगच्या विद्यापीठांत शिक्षक असलेल्या यू मिनहोंग यांनीं १९९३ सालीं काढलेली ‘न्यू ओरिएंटल’ ही संस्था त्यांत अग्रगण्य ठरली. बाजारांत दोन वस्तूंना विशेष मागणी असते. एक ‘मूपान’, म्हणजे साचा: कोणत्याहि विषयावर चालतील अशीं तयार वाक्यें, मध्यें विषयाचें नांव तेवढें भरावयाचें. दुसरी ‘चीचिंग’, म्हणजे परीक्षा देऊन आलेल्यांनीं आठवून लिहिलेल्या प्रश्नांचा संग्रह. यांतील ‘ची’ म्हणजे यंत्र, आणि ‘चिंग’ हा तोच शब्द, ज्यानें चिनी बौद्ध पंडितांनीं आपल्या ‘सूत्र’ शब्दाचा अनुवाद केला. यंत्रसूत्रेंच म्हणा ना!

पाठांतराची टवाळी मला करावयाची नाहीं. राजसेवेची प्राचीन परीक्षा १९०५ सालीं बंद होईपर्यंत चीनमध्यें शतकानुशतकें अभिजात ग्रंथ मुखोद्गत करण्याची परंपरा होती, आणि आपणहि त्याच कुळांतले. पण पाठ केलेला संपूर्ण निबंध हें फाटक्या सदऱ्यावर लावलेलें रेशमी ठिगळ आहे. पहिलें वाक्य झोंकदार आणि दुसरें लंगडें असलें कीं परीक्षक तत्काळ ओळखतो. बोलतांना तर तो मध्येंच ‘असें कां?’ म्हणून विचारतो, आणि तेथें साचा संपतो. पाठ उत्तराला गुण द्यावयाचे नाहींत, अशी शिकवण परीक्षकांना दिलेलीच असते. दुसरें टोक म्हणजे १९९० च्या दशकांत गाजलेली ‘वेडी इंग्रजी’. तींत मैदानांत जमून सर्वांनीं मोठमोठ्यानें इंग्रजी वाक्यें ओरडावयाचीं. चांग युआन या दिग्दर्शकानें १९९९ सालीं तिच्यावर माहितीपटहि काढला. ओरडल्यानें भीड मोडते हें खरें. पण चूक ती चूकच राहते. ती अधिक मोठ्यानें ऐकूं येते इतकेंच.

मग करावें काय? प्रथम घड्याळ लावून एक संपूर्ण सराव-परीक्षा द्यावी आणि दुखणें कोठें आहे तें पाहावें. वाचनांत ७.५ मिळविणाऱ्या बाईनें आणखी शब्दकोश पाठ करणें म्हणजे भरल्या रांजणांत पाणी ओतणें होय. मग कानाकडे वळावें. अर्ध्या मिनिटाचें ध्वनिमुद्रण घेऊन तें ऐकत ऐकत लिहून काढावें, मुद्रित मजकुराशीं ताडून पाहावें, आणि नंतर वक्त्याच्या मागोमाग त्याच गतीनें म्हणावें. स्वतःचा आवाज मुद्रित करून केवळ शब्दांचे शेवट ऐकावेत. किती गळले तें मोजावें. तिसरा अभ्यास असा: काल घडलेली गोष्ट रोज मोठ्यानें सांगावी. पहिल्यांदां चार मिनिटांत, तीच पुन्हां तीन मिनिटांत, आणि तीच दोन मिनिटांत. मजकूर ओळखीचा झाल्यानें मन मोकळें होतें व क्रियापदाकडे लक्ष देतां येतें. मात्र एका आठवड्यांत एकाच चुकीचा पाठलाग करावा: या आठवड्यांत भूतकाळ, पुढच्यांत तो आणि ती. सर्व चुका एकदम धरूं पाहणारा मनुष्य मुकाच होतो.

लेखनाविषयीं एक विशेष सूचना आहे. आरंभ, विस्तार, वळण आणि समारोप अशी चार पायऱ्यांची रचना चिनी लेखनांत फार जुनी आहे. तींत खरा मुद्दा वळणानंतर उमलतो. इंग्रजी परीक्षक मात्र लेखकाचें मत आरंभापासून स्पष्ट असावें आणि प्रत्येक परिच्छेदानें त्याला आधार द्यावा अशी अपेक्षा करतो. हा सौंदर्यदृष्टीचा भेद आहे, बुद्धीचा नव्हे. पण ठाऊक नसला तर गुण जातात. लिहिलेलें जाणत्या माणसाकडून तपासून घ्यावें, आणि तोच लेख पुन्हां लिहावा. नवीन दहा निबंधांपेक्षां सुधारून लिहिलेले तीन अधिक शिकवितात. रविवारीं सहा तास बसण्यापेक्षां रोजचा अर्धा तास बरा, कारण येथें ज्ञान वाढवावयाचें नसून संवय जडवावयाची आहे.

शेवटीं पुन्हां आपल्या परिचारिकेकडे जाऊं या. या सर्व खटाटोपाला ती कधींकधीं कंटाळत असेल. शेपटींतल्या एका व्यंजनासाठीं एवढा जाच कशाला, असें तिला वाटत असेल. पण उद्यां ती परक्या देशांत रात्रीं रुग्णाच्या उशाशीं उभी राहील. पाळी बदलतांना दुसरीला सांगेल, औषध दिलें आहे, किंवा द्यावयाचें आहे. इंग्रजींत हा भेद क्रियापदाच्या रूपांत असतो. मात्रा पंधरा कीं पन्नास, हें ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ या शब्दांत मुख्यतः शेवटच्या न् वर आणि आघातावर ठरतें. तेथें परीक्षक नसेल, श्रेणी नसेल. एक आजारी मनुष्य असेल.

आपणां श्रोत्यांपैकीं पुष्कळांच्या घरींहि मुलगा किंवा सून हीच परीक्षा देत असेल. आपली भाषा निराळी, म्हणून आपलीं अडखळण्याचीं ठिकाणेंहि निराळीं. पण तीं शोधण्याची रीत एकच. परकी भाषा शिकणाऱ्यानें आधीं आपल्या भाषेकडे नीट पाहावें: ती कोणत्या गोष्टी बोलावयास लावते आणि कोणत्या न बोलतां सोडून देते. जेथें स्वभाषा गप्प राहते, तेथेंच परकी भाषा आपणांस पकडते, आणि तेथेंच जिभेला वाचा फोडावी लागते.