डोंगर उतरणे सोपे असते का?

ताशी सहा किलोमीटर! शाळेची घंटा व्हायला आली की तुम्हीसुद्धा जवळपास याच वेगाने चालता. मग याहून किंचित कमी वेगाने गेलेल्या एका धावपटूचे नाव जगभर का गाजले असेल?

विद्यार्थी मित्रांनो, या प्रश्नाचे उत्तर शोधायला आपल्याला भूमध्य समुद्रातल्या कॉर्सिका बेटावर जायला हवे. नेपोलियनचे जन्मस्थान म्हणून हे नाव तुम्ही इतिहासात वाचले असेल. हे फ्रान्सचे बेट जेमतेम १८३ किलोमीटर लांब आणि ८३ किलोमीटर रुंद आहे. पण एवढ्याशा जागेत डोंगरांची केवढी गर्दी! मोंते चिंतो हे तेथील सर्वांत उंच शिखर २,७०६ मीटर उंच आहे. म्हणजे आपल्या कळसूबाईहून ते हजार मीटरांनी उंच, आणि समुद्र तेथून फक्त २५ किलोमीटरांवर!

या डोंगररांगेच्या माथ्यामाथ्याने एक पायवाट जाते. तिचे नाव 'जी. आर. २०'. वायव्येकडील कालेन्झाना गावापासून आग्नेयेकडील कोंका गावापर्यंत ती सुमारे १८० किलोमीटर लांब आहे. खडकांवर रंगवलेल्या पांढऱ्या-तांबड्या पट्ट्यांच्या खुणा बघत जायचे. वाट कधी ग्रॅनाइटच्या उघड्या कातळावरून, कधी सुट्या दगडगोट्यांतून जाते. पाठीवर ओझे घेऊन चालणारे लोक ती साधारण दोन आठवड्यांत पुरी करतात. २००९ साली कीलियन जोर्नेत या स्पॅनिश धावपटूने हे अंतर ३२ तास ५४ मिनिटांत कापले. २०१६ साली फ्रान्सच्या फ्रांस्वा देनने ३१ तास ६ मिनिटांत, तर २०२१ साली कॉर्सिकाच्याच लांबेर सांतेलीने ३० तास २५ मिनिटांत ते पार केले. भागाकार करून पाहा. सांतेलीचा सरासरी वेग ताशी सहा किलोमीटरसुद्धा भरत नाही.

एवढा निष्णात धावपटू आणि वेग मात्र चालणाऱ्याचा, असे का व्हावे?

चढणीचा हिशेब

या वाटेवर एकूण सुमारे १२,००० मीटर चढावे लागते. समजा, धावपटूचे वजन ६० किलो आहे. वस्तुमान, गुरुत्वत्वरण आणि उंची यांचा गुणाकार करा.

६० × ९.८ × १२,००० = ७०,५६,००० ज्यूल.

म्हणजे सुमारे १,७०० किलोकॅलरी. पण स्नायू हे काही शंभर टक्के कार्यक्षम यंत्र नव्हे. अन्नातून मिळालेल्या ऊर्जेचा साधारण चौथा हिस्साच कार्यात उतरतो, बाकीच्या ऊर्जेची उष्णता होते. तेव्हा नुसत्या चढण्यासाठी ६,८०० किलोकॅलरी हव्यात. शिवाय १८० किलोमीटर पुढे जायचे आहे. धावताना दर किलो वजनामागे दर किलोमीटरला सुमारे एक किलोकॅलरी लागते. त्याच्या झाल्या १०,८००. एकूण बेरीज १७,५०० च्या आसपास जाते. तुमच्याआमच्या आठवडाभराच्या अन्नाएवढी ही ऊर्जा सव्वा-दीड दिवसात खर्च होते.

ही ऊर्जा आणायची कोठून? यकृतात आणि स्नायूंत साठवलेले ग्लायकोजेन सुमारे २,००० किलोकॅलरी देते. धावता धावता खायचे म्हटले, तरी आतडे तासाला साधारण ६० ग्रॅम साखर बिनतक्रार शोषून घेते. म्हणजे तीस तासांत ७,२०० किलोकॅलरी. उरलेली तूट चरबीतून भरून काढावी लागते. चरबीचा साठा मोठा खरा, पण तिच्यातून ऊर्जा सावकाश मिळते आणि तेवढ्याच ऊर्जेसाठी प्राणवायूही थोडा जास्त लागतो. म्हणून वेग आवरता घ्यावा लागतो. फार उभ्या चढावर हे धावपटू चक्क चालतात. गुडघ्यांवर हात टेकवून, किंवा काठ्यांच्या आधाराने.

इथपर्यंतचे गणित कोणालाही पटेल. चढ दमवतो, हे सांगायला शास्त्रज्ञ कशाला हवा? खरी गंमत पुढेच आहे.

मिळवलेली ऊर्जा गेली कोठे?

कालेन्झाना आणि कोंका ही दोन्ही गावे समुद्रसपाटीपासून साधारण अडीचशे ते पावणेतीनशे मीटरांवर आहेत. म्हणजे जेवढे चढायचे, जवळजवळ तेवढेच उतरायचे! चढताना सत्तर लाख ज्यूलची स्थितिज ऊर्जा थोडी थोडी करून मिळवली. शेवटी धावपटू पुन्हा मूळ उंचीवर आला. मग ती ऊर्जा गेली कोठे?

उतारावरून चेंडू सोडला तर स्थितिज ऊर्जेची गतिज ऊर्जा होते आणि चेंडूचा वेग वाढत जातो. धावपटूने असे केले तर तो दरीतच जाईल. त्याला प्रत्येक पावलाला आपला वेग रोखावा लागतो. घाट उतरणाऱ्या ट्रकचे ब्रेक तापतात, हे तुम्ही ऐकले असेल. येथे ब्रेकचे काम करतात मुख्यतः मांडीच्या पुढच्या बाजूचे मोठे स्नायू. थोडा भाग बुटांत आणि जमिनीत जातो, पण बहुतेक ऊर्जा स्नायूंमध्ये उष्णता होऊन संपते. सत्तर लाख ज्यूल म्हणजे किती उष्णता? २७ अंशांचे २३ लिटर पाणी तेवढ्यात उकळीला येईल!

हे ब्रेक कसे लागतात, ते बसल्या जागी पाहता येईल. खुर्चीसमोर उभे राहा. तळहात मांडीवर, गुडघ्याच्या जरा वर ठेवा. आता अगदी सावकाश खाली बसा. स्नायू हाताला दगडासारखा टणक लागतो ना? पण गुडघा वाकत असल्यामुळे त्याच वेळी तो लांबतही असतो. एरवी स्नायू आकुंचन पावताना आखूड होतो. येथे तो आखूड होण्याचा जोर लावतो आणि शरीराचे वजन मात्र त्याला ओढून लांब करते. डोंगर उतरताना दर पावलाला हेच घडते.

दोन सायकलींची कुस्ती

अशा कामाला ऊर्जा किती लागते? १९५२ साली इंग्लंडमधील ॲबट, बिगलँड आणि रिची या तीन संशोधकांनी एक नामी युक्ती काढली. त्यांनी दोन सायकली पाठीला पाठ लावून बसवल्या आणि त्या साखळीने जोडल्या. एकाने पेडल पुढे मारायचे आणि दुसऱ्याने उलट फिरणारे आपले पेडल नुसते रोखून धरायचे. दोघांच्या पायांवरचा जोर सारखाच. फरक एवढाच की एकाचे स्नायू आखूड होत काम करणार, दुसऱ्याचे लांबत. लंडनला या प्रयोगाचे प्रात्यक्षिक झाले, तेव्हा पेडल मारणारा धिप्पाड पुरुष घामाघूम झाला आणि रोखणारी लहानखुरी स्त्री मजेत बसून राहिली! मोजल्यावर दिसले की रोखणाऱ्याला प्राणवायू कित्येक पटींनी कमी लागतो.

म्हणजे उतरणे स्वस्त आहे? २००२ साली इटलीचे शास्त्रज्ञ आल्बेर्तो मिनेत्ती आणि त्यांचे सहकारी यांनी डोंगरातल्या स्पर्धांत धावणाऱ्या दहा जणांना चढउतार देता येणाऱ्या फिरत्या पट्ट्यावर धावायला लावून मोजणी केली. शंभर मीटरला वीस मीटर उतार असला, तर धावण्याचा खर्च सपाटीच्या निम्म्यावर येतो. उतार याहून तीव्र झाला की खर्च पुन्हा वाढू लागतो, कारण रोखण्याचे काम वाढते.

पण प्राणवायूच्या खर्चातून सगळे कळत नाही. एखादा मोठा किल्ला पाहून आल्यावर दुसऱ्या दिवशी घराचा जिना उतरताना तुमच्या मांड्या कशा ठणकतात, ते आठवा. चढताना धाप लागली होती, ती दहा मिनिटांत गेली. उतरताना धाप लागली नाही, पण दुखणे तीन दिवस राहिले.

दोष लॅक्टिक आम्लाचा नव्हे

स्नायूंत लॅक्टिक आम्ल साचून राहते म्हणून ते दुखतात, असे अजूनही पुष्कळ ठिकाणी सांगितले जाते. जरा विचार करा. हे आम्ल जोराचा चढ चढताना अधिक तयार होते, उतरताना कमी. शिवाय ते तास-दोन तासांत रक्तावाटे निघून जाते. दुखणे मात्र दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोहोचते. मग दोष त्याचा कसा?

दुखण्याचे कारण स्नायूंच्या आतली सूक्ष्म मोडतोड असावे, असे अमेरिकेतील थिओडोर हफ यांनी १९०२ सालीच सुचवले होते. १९८१ साली स्वीडनमधील संशोधकांनी पुन्हा पुन्हा जिना उतरलेल्या माणसांच्या स्नायूंचे बारीक नमुने घेऊन ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. स्नायूचा प्रत्येक तंतू म्हणजे असंख्य कप्प्यांची माळ असते. त्या कप्प्यांमधल्या सरळ भिंती जागोजागी वेड्यावाकड्या आणि फाटलेल्या दिसल्या. लांबत काम करताना तेवढ्याच जोरासाठी कमी तंतू कामाला लागतात. म्हणून प्राणवायू कमी लागतो, पण म्हणूनच एकेका तंतूवर ताण अधिक पडतो. स्वस्ताईची किंमत अशी चुकवावी लागते.

आता आपल्या पहिल्या प्रश्नाकडे वळू. चढ इंधन खातो आणि उतार यंत्रच झिजवतो. संपलेले इंधन वाटेत खाऊन थोडेफार भरता येते. पण फाटलेले तंतू दुरुस्त व्हायला दिवस लागतात. तीस तासांत ते जुळत नाहीत. म्हणून सुरुवातीच्या उतारांवर बेफाम धावणारा पुढे लटपटतो. दम असतो, पण मांड्या रोखत नाहीत. सुट्या दगडांच्या वाटेवर याचा अर्थ पडणे, आणि तेही मदतीपासून कित्येक तास दूर.

त्यात तेथील हवा लहरी. उन्हाळ्यात समुद्र तापलेला असतो आणि दमट हवा डोंगराला भिडून वर चढते. १८ ऑगस्ट २०२२ रोजी सकाळी कॉर्सिकावर अचानक वादळ आले. वाऱ्याचे झोत ताशी २२० किलोमीटरांवर गेले आणि बेटावर पाच जणांचा बळी गेला. अशा वेळी झटपट खाली उतरता येणे हाच तरणोपाय असतो. शिखर गाठले तेव्हा काम अर्धेच झालेले असते, असे गिर्यारोहक म्हणतात ते उगीच नाही.

शरीर शिकते

यावर उपाय आहे, आणि तो शरीरानेच शोधला आहे. थोडा उतार धावून स्नायू एकदा दुखले, की बरे होताना ते अधिक चिवट होतात. तोच उतार दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा धावले तर दुखणे खूपच कमी असते. म्हणून डोंगरातले धावपटू चढाइतकाच उताराचाही सराव करतात. उतरताना ते लांब ढांगा टाकत नाहीत. गुडघे किंचित वाकवून छोटी, झपझप पावले टाकतात. पाऊल छोटे म्हणजे दर पावलाला खाली येण्याची उंची कमी, आणि रोखायची ऊर्जाही कमी.

करून पाहा

शाळेचा जिना घ्या. शिक्षकांना बरोबर घ्या आणि कठड्याच्या बाजूने चाला. (दमा किंवा हृदयाचा विकार असणाऱ्यांनी फक्त नोंदी घ्याव्यात.) साठ पायऱ्या एका लयीत चढा आणि लगेच पंधरा सेकंद नाडीचे ठोके मोजा. पाच मिनिटे विश्रांती घ्या. मग त्याच लयीत साठ पायऱ्या उतरा आणि पुन्हा ठोके मोजा. वर्गातल्या दहा जणांची नोंद करून आलेख काढा.

आलेख सांगेल की उतरणे सोपे. तो खोटे बोलत नसेल. पण तुम्ही त्याला नाडीबद्दल विचारले होते, मांडीबद्दल नव्हे. पुढच्या सहलीत गड उतरण्यापूर्वी हे लक्षात असू द्या आणि थोडा दम खाऊन मगच पहिले पाऊल टाका.