घटसर्पाच्या जंतूची पकड

घटसर्पाचा जंतू घशात येतो, पण शरीरात सहसा खोल शिरत नाही. टॉन्सिल, पडजीभ आणि घशाची मागची भिंत यांवर तो बसतो आणि तिथेच वाढतो. रक्तात उतरते ते त्याचे विष. हृदयाचे स्नायू आणि मज्जातंतू त्या विषाने निकामी होतात. संशोधकांनी आधी या विषाचाच पाठलाग केला, त्यावर औषध काढले, लस काढली. जंतू घशाला धरून राहतो तो कशाच्या जोरावर, हा प्रश्न मात्र शंभर वर्षांहून जास्त काळ अनुत्तरित राहिला.

तोवर रोग दाट वस्त्यांत मुले नेत होता. कसबा पेठ हा पुण्याचा सर्वांत जुना भाग. तांबट आळी, कुंभारवाडा, बुरूड आळी अशी दाटीची वस्ती, एका वाड्यात अनेक बिऱ्हाडे, अंधाऱ्या खोल्या आणि एकाच अंथरुणावर झोपणारी भावंडे. खोकल्या-शिंकेतून उडणाऱ्या थेंबांवाटे पसरणाऱ्या रोगाला याहून सोयीची जागा नव्हती. १८९७ मध्ये प्लेग आला तेव्हा पुण्यात प्लेग अधिकारी रँडच्या अमलाखाली घरोघर झडत्या झाल्या आणि त्या वर्षाचा इतिहास प्लेगच्या नावाने लिहिला गेला. प्लेग आख्खी आळी ओस पाडत असे. घटसर्प एकेका बिऱ्हाडातले मूल नेत असे, म्हणून त्याचा बोभाटा कमी झाला.

युरोपात तोवर बरेच काही घडून गेले होते. १८८३ मध्ये क्लेब्स यांनी रुग्णाच्या घशातल्या पडद्यात हे जंतू पाहिले आणि पुढच्याच वर्षी लोफ्लर यांनी ते प्रयोगशाळेत वाढवले. लोफ्लर यांच्या दोन नोंदी आजही महत्त्वाच्या वाटतात. जंतू टोचलेली जनावरे मेली, तेव्हा जंतू टोचल्या जागीच सापडले, पण दूरचे अवयव बिघडलेले होते. त्यावरून त्यांनी विषाचा तर्क केला. दुसरी नोंद अशी, की एका निरोगी मुलाच्या घशातही त्यांना हाच जंतू आढळला. पहिल्या नोंदीचा धागा रू आणि येर्सिन यांनी उचलला आणि १८८८ मध्ये विष वेगळे करून दाखवले. १८९० मध्ये बेरिंग आणि कितासातो यांनी प्रतिविष सिद्ध केले. १८९४ मध्ये रू यांनी पॅरिसच्या रुग्णालयांतले अनुभव जाहीर केले. प्रतिविष असलेल्या घोड्याच्या रक्तजलाने मुलांचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले होते. १९२३ मध्ये रामों यांनी फॉर्मालिन आणि उष्णतेने विषाचा दंश काढून लस बनवली. निरोगी मुलाची ती दुसरी नोंद तशीच पडून राहिली.

घोडे आणि रक्तजल हा कारभार पुढे महाराष्ट्रात चांगलाच रुजला. परळची हाफकिन संस्था १८९९ मध्ये प्लेगची प्रयोगशाळा म्हणून सुरू झाली. सायरस पूनावाला यांच्या स्टड फार्मवरचे निवृत्त घोडे हाफकिनला जात, आणि त्याच ओळखीतून १९६६ मध्ये हडपसरला सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. तिची सुरुवात धनुर्वाताच्या रक्तजलाने झाली. घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांची त्रिगुणी लस नंतर आली. घटसर्पाचे प्रतिविष आज पुणे जिल्ह्यातच, नारायणगावात तयार होते. प्रतिविष रक्तात फिरणाऱ्या विषाला गाठते. पेशीत शिरलेल्या विषावर त्याचा उपाय चालत नाही आणि घशात बसलेल्या जंतूला ते हलवतही नाही. त्यासाठी पेनिसिलिन किंवा एरिथ्रोमायसिन द्यावे लागते.

विषाचे उगमस्थान १९५१ मध्ये फ्रीमन यांनी शोधले, आणि ते अनपेक्षित निघाले. विषाचे जनुक जंतूचे स्वतःचे नसते. जंतूंना ग्रासणारा एक विषाणू ते आणून देतो. ज्याच्यात तो विषाणू नाही, असा जंतू घशात मुक्कामाला राहिला तरी घटसर्प होत नाही. विष धारण करणारा जंतूही लस घेतलेल्या माणसाच्या घशात त्याला न कळत राहू शकतो. चिकटणे आणि विष सोडणे ही दोन कामे एकमेकांपासून वेगळी आहेत, हे यातून स्पष्ट झाले. विषाचा कारखानाही आसपास लोह कमी असले तरच जोरात चालतो, आणि शरीर आपले लोह जंतूंना सहजी मिळू देत नाही.

चिकटण्याचा पहिला दुवा गुरांच्या रोगातून आला. १९६८ मध्ये जपानात यानागावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांना घटसर्पाच्या जंतूचाच एक भाऊबंद, गाईम्हशींच्या मूत्रमार्गाला सुजवणारा जंतू, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली केसाळ दिसला. पुढे असेच केस घटसर्पाच्या जंतूवरही आढळले. पण ते कशाचे बनतात, हे कळायला २००३ साल उजाडले. टॉन-दॅट आणि श्नीविंड यांनी दाखवले, की स्पाए नावाच्या प्रथिनाचे तुकडे एकापुढे एक जोडून केसाचा दांडा तयार होतो, टोकाला स्पासी बसते, आणि स्पाबी दांड्यावर व बुडाशी असते. ही जोडणी सॉर्टेज नावाचे विकर करते. तुकडे रासायनिक बंधाने जखडलेले असल्यामुळे केस सहजी तुटत नाही, आणि त्याचे बूड जंतूच्या भिंतीत पक्के रोवलेले असते. गंमत अशी, की घशाच्या पेशींना धरण्याचे काम लांब दांडा करत नाही. स्पाबी आणि स्पासी ही किरकोळ वाटणारी प्रथिनेच ते करतात. ती काढून टाकली की जंतूची पकड ढिली पडते. केसांचे आणखी दोन प्रकार या जंतूजवळ आहेत. शिवाय भिंतीवरचे काही स्निग्ध-शर्करायुक्त पदार्थही पकडीला हातभार लावतात.

एकदा पकड बसली की विष जवळच्या पेशी मारू लागते. मेलेल्या पेशी, रक्तातले गोठणारे तंतू, पांढऱ्या पेशी आणि जंतू यांचा मिळून करडा पडदा तयार होतो. तो खरवडला तर रक्त येते. श्वासनलिकेपर्यंत पसरला तर मूल गुदमरते.

या घराण्यातल्या इतरांनाही चिकटण्याची कला अवगत आहे. विष नसलेला घटसर्पाचा जंतूही कधीकधी हृदयाच्या झडपेवर किंवा सांध्यात घर करतो. त्वचेवर सहसा निरुपद्रवी राहणारे काही भाऊबंद रुग्णालयात नळ्यांवर आणि कृत्रिम झडपांवर थर धरून बसतात. अल्सरान्स हा भाऊबंद कुत्र्यामांजरांकडून माणसाकडे येतो आणि घटसर्पाचेच विष सोडू शकतो. मेंढ्यांच्या गाठी पिकवणारा जंतू कातरणीच्या जखमांतून शिरतो. उष्ण प्रदेशात खरजेच्या आणि ओरखड्यांच्या जखमांवर खुद्द घटसर्पाचा जंतू राहतो. त्याने अनेक मुलांना रोगाशिवाय प्रतिकारशक्ती मिळत असे, पण जंतूचा साठाही तिथेच टिकून राहत असे.

भारतात लसीकरणाचा विस्तारित कार्यक्रम १९७८ मध्ये आणि सार्वत्रिक कार्यक्रम १९८५ मध्ये सुरू झाला. तरीही २०१८ मध्ये जगात नोंदलेल्या सुमारे १६,६०० रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक भारतातले होते. लस विषाविरुद्ध आहे, जंतूच्या केसांविरुद्ध नाही. म्हणून जंतू घशांत टिकून राहतो आणि लसीकरण कमी झालेल्या वस्तीत पुन्हा रोग घडवतो. लसीचा जोर वयाबरोबर ओसरतो, आणि अलीकडे मोठी मुले व प्रौढही आजारी पडतात. सध्याच्या वेळापत्रकात ६, १० आणि १४ आठवड्यांना, मग १६ ते २४ महिन्यांत आणि ५ ते ६ वर्षांच्या दरम्यान घटसर्पाविरुद्धची मात्रा असते. २०१९ पासून १० व्या आणि १६ व्या वर्षी नुसत्या धनुर्वाताऐवजी घटसर्प-धनुर्वात अशी जोडलस दिली जाते.