छत्तीसच्या रोलवर बहात्तर

लातूरच्या गंजगोलाईत मधोमध उभं राहिलं की चहूबाजूंनी सोळा रस्ते फुटताना दिसतात. सराफा, कापड, भांडी, मसाले, पादत्राणं, ज्याची त्याची ओळ ठरलेली. या गोलाईचा फोटो आडव्या चौकटीत काढला, तर दुकानांच्या पाट्या, वायरी आणि उभ्या केलेल्या दुचाक्या यांचाच पट्टा हाती लागतो. कॅमेरा उभा धरला की मात्र एकेक रस्ता सुटा होतो. खाली चालणारी माणसं, मधे दुकानांचे पडदे, वर आभाळाची चिंचोळी फट. या उभ्या चौकटीसाठी मी हाफ-फ्रेम कॅमेरा वापरू लागलो. सोळा रस्ते, प्रत्येकाचे दोन फोटो, म्हणजे बत्तीस झाले तरी रोल अर्ध्यावरही आलेला नसतो.

हाफ-फ्रेम कॅमेऱ्यात रोल नेहमीचाच जातो, ३५ मिलिमीटरचा. आतली खिडकी तेवढी निम्मी असते. नेहमीचा कॅमेरा २४ बाय ३६ मिलिमीटरची निगेटिव्ह देतो, हा १८ बाय २४ची. त्यामुळे छत्तीसच्या रोलवर बहात्तर फोटो येतात, आणि कॅमेरा सरळ धरल्यावर चौकट आपोआप उभी पडते. सिनेमाची चौकट मुळात एवढीच होती. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली पडद्यावर आला तो याच मापाच्या चौकटींतून. फरक इतकाच की सिनेमाच्या कॅमेऱ्यात फिल्म वरून खाली सरकते, म्हणून चित्र आडवं. पुढे ऑस्कर बार्नाक या जर्मन तंत्रज्ञाने सिनेमाच्या दोन चौकटी जोडून एक केली, १९२५ साली लायका बाजारात आला आणि ती जोडचौकट जगभर ‘पूर्ण’ ठरली. त्या हिशेबाने हाफ-फ्रेम म्हणजे फिल्मची मूळ चौकट.

ती पुन्हा रुजवली जपानच्या ऑलिंपस कंपनीत योशिहिसा मैतानी या तरुण अभियंत्याने. सहा हजार येनमध्ये विकता येईल असा कॅमेरा करायचा होता. मैतानींनी आधी भिंग उत्तम करवून घेतलं आणि उरलेल्या पैशांत बाकीचा कॅमेरा बसवला. १९५९ साली ‘ऑलिंपस पेन’ आला. आज त्यातून पाहताना ही निवड किती शहाणपणाची होती ते कळतं, कारण साठ वर्षांनंतरही भिंग टिकून आहे. मग कॅनन, रिको, कोनिका, फुजी, याशिका सगळ्यांनीच हाफ-फ्रेम काढले. सोव्हिएत संघात मिन्स्कच्या कारखान्यात ‘चायका’ बनला. आपल्याकडे तेव्हा घरोघरी असला तर आग्फा क्लिक थ्री असे, एका रोलवर बारा चौकोनी फोटो देणारा. नांदेड-लातूरकडच्या जुन्या अल्बममधली लग्नं आणि बारशी म्हणूनच बरीचशी चौकोनात बसलेली दिसतात. बारा फोटोंत लग्न उरकायचं, तर प्रत्येक फोटोसाठी माणसं ओळीत उभी करावी लागत. बहात्तर असते, तर पंगतीत वाढणारे हातही अल्बममध्ये आले असते.

आता हा कॅमेरा घ्यायचा कसा? नवे पर्याय आहेत. कोडॅकच्या नावाने २०२२ साली साधा प्लॅस्टिकचा आला, २०२४ साली पेंटॅक्सने ‘पेंटॅक्स १७’ काढला. पण जुन्यातला घ्यायचा तर मुंबईच्या चोरबाजारापासून ऑनलाइनपर्यंत कुठूनही येऊ शकतो, आणि विकणारा ‘चालू आहे’ म्हणतो त्याचा अर्थ बहुधा ‘बटण दाबलं की आवाज येतो’ एवढाच असतो. म्हणून हातात घेऊन तपासायला हवा.

आपल्याकडे बहुतेक वेळा हाती येतो तो पेन ईई, ईई-टू किंवा ईई-थ्री. भिंगाभोवती बुडबुड्यांसारख्या काचेचं कडं असतं, ते सेलेनियमचं. प्रकाश पडला की त्यातच वीज तयार होते. सेल नाही, चार्जिंग नाही. उजेड कमी असला तर बटण दाबताना खिडकीत लाल झेंडी वर येते आणि शटर अडतं. तपासणी त्यावरच करायची. रिंग ऑटोवर ठेवून ते कडं तळहाताने पूर्ण झाकायचं आणि बटण दाबायचं. झेंडी आली, शटर अडलं, तर यंत्रणा जागी आहे. मग कॅमेरा आभाळाकडे करून दाबायचं आणि समोरून भिंगात पाहायचं. आतलं छिद्र बारीक झालं पाहिजे. खोलीत दाबलं तर ते मोठं राहिलं पाहिजे. दोन्हीकडे सारखंच राहिलं, तर पाती तेलाने चिकटली आहेत किंवा सेलेनियम थकलं आहे. पाती साफ करता येतात. नांदेडला वजिराबादेत मनगटी घड्याळं उघडणाऱ्या एका वयस्क कारागिरांनी माझ्यासमोर हे काम केलं. “घड्याळापेक्षा सोपंय हो, फक्त घाई नाही करायची,” एवढं म्हणून त्यांनी कापसाच्या टोकाने एकेक पातं पुसलं. थकलेल्या सेलेनियमला मात्र इलाज नाही, दुसऱ्या कॅमेऱ्यातलं काढून बसवावं लागतं. जो कॅमेरा वर्षानुवर्षं झाकणाखाली किंवा कातडी पिशवीत राहिला, त्याचं कडं बहुधा शाबूत असतं. शोकेसमध्ये मिरवलेला कॅमेरा दिसायला देखणा असला तरी मी टाळतो.

दुसरी गोष्ट बुरशीची. भिंगाच्या एका बाजूने टॉर्च मारून दुसऱ्या बाजूने पाहायचं. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले, तर ती बुरशी. मुंबई-कोकणातून आलेल्या कॅमेऱ्यांत ती जास्त सापडते. आपल्या कोरड्या हवेत वाढलेले कॅमेरे त्या बाबतीत सुदैवी, फक्त धुळीने जाम झालेले असतात. मागच्या झाकणाच्या खाचाही बघायच्या, तिथला फोम चिकट झाला असेल तर फिल्मवर उजेडाचे पट्टे येतात.

सेलवर चालणारं सीडीएस मीटर असलेल्या कॅमेऱ्यांपासून नवख्या माणसाने जरा लांब राहावं असं मला वाटतं. त्यातल्या अनेकांना पाऱ्याचा १.३५ व्होल्टचा सेल लागायचा आणि तो आता बनत नाही. दीड व्होल्टचा साधा सेल घातला की मीटर चुकीचं सांगतं. कॅनन डायल ३५ किंवा रिको ऑटो हाफ चावीवर फिल्म पुढे सरकवतात. वापरायला फार मजेचे, पण स्प्रिंग दमली असेल तर दुरुस्ती अवघड. १९६३चा पेन एफ हा भिंगं बदलता येणारा हाफ-फ्रेम, अभियांत्रिकीचा अप्रतिम नमुना. पण तो महाग आहे आणि उघडणारे हात कमी. ज्याला उजेडाचा अंदाज स्वतः घ्यायचा आहे त्याने पेन एस घ्यावा. वेग, छिद्र, अंतर सगळं हाताने लावायचं, सेलेनियमची काळजीच नाही.

मराठवाड्याचं ऊन मात्र मेलेलं कडं असलेल्या ईईलाही कामाला लावतं. ऑटोवरून रिंग काढून छिद्र हाताने लावलं की हा कॅमेरा सेकंदाच्या चाळिसाव्या भागाच्या वेगावर चालतो, फ्लॅशसाठी केलेली ती सोय. शंभर आयएसओची फिल्म, छिद्र एफ २२, आणि दुपारचं स्वच्छ ऊन: हिशेब जवळजवळ अचूक जुळतो. सावलीत आलं की तीन-चार टप्पे उघडायचं. एफ २२ला चित्र थोडं मऊ पडतं, आणि चाळिसाव्या भागात चालती माणसं हलतात, तेवढं धरून चालायचं. विष्णुपुरीच्या धरणावर, कंधारच्या किल्ल्यात, उघड्या माळावर हे सहज जमतं. खरोशाच्या लेण्यांत नाही. तिथे कडं शाबूत असलं आणि फिल्म चारशे आयएसओची असली तरी आत दोन पावलं टाकताच झेंडी वर येते. तेव्हा दारापाशी, जिथवर उजेड पोचतो तिथवरच काम करावं.

फिल्म कुठली, याचं माझं उत्तर ठरलेलं आहे: शंभर किंवा दोनशे. निगेटिव्ह निम्मी आहे. चार बाय सहाचा फोटो करायला ती सहापटींहून अधिक मोठी करावी लागते, पूर्ण चौकट सव्वाचारपट. चारशेचा दाणा इथे ठळक दिसतो. पैसे वाचवायचे तर शंभर फुटांचा डबा घेऊन त्यातून रोल भरावेत, छत्तीसचे साधारण अठरा निघतात. उन्हाळ्यात हा डबा गाडीत ठेवू नये.

फिल्म धुण्याचं काम मला सगळ्यात आवडतं, आणि इथे लातूरचं पाणी मधे येतं. रंगीत रोल कुरिअरने मोठ्या शहरात पाठवावा लागतो, पण कृष्णधवल घरी होतो. डी-७६ या डेव्हलपरसाठी पाणी वीस अंशांचं हवं. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी हात भाजेल असं येतं. मग आदल्या रात्री माठ भरून ठेवायचा. माठातलं पाणी आणि एका पिशवीत बांधलेला बर्फ बाहेरून लावला, की पारा चोवीसच्या खाली आणता येतो. वीसच्या वर प्रत्येक अंशामागे वेळ सुमारे एक दशांशाने कमी करायचा. वीस अंशांना साडेसात मिनिटं लागत असतील, तर चोवीसला पाच. पाचच्या खाली गेलं की फिल्मवर डाग-पट्टे पडण्याची भीती, त्यापेक्षा आणखी बर्फ आणावा.

चित्र पक्कं करणाऱ्या हायपोनंतर फिल्म धुवायची असते, तीही भरपूर. जुने स्टुडिओवाले नळाखाली अर्धा तास ठेवत. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणलेल्या गावात अर्धा तास नळ सोडणं मनाला पटत नाही. इल्फर्ड कंपनीची एक पद्धत आहे, ती इथे सोन्यासारखी आहे. डेव्हलपिंगची टाकी पाण्याने भरायची, पाच वेळा उलटीसुलटी करायची, ओतायची. पुन्हा भरून दहा वेळा. पुन्हा भरून वीस वेळा. झालं. लहान टाकीला लिटरभर पाण्यात फिल्म स्वच्छ निघते. शेवटचा हात मात्र डिस्टिल्ड पाण्याचा द्यायचा, कारण बोअरच्या पाण्यातले क्षार वाळल्यावर पांढरे ठिपके होऊन बसतात आणि एवढ्याशा निगेटिव्हवर एक ठिपका म्हणजे कुणाचा तरी डोळा.

आणि मग ती पट्टी उजेडासमोर धरायची. पूर्ण चौकटीचं स्कॅन केलं तर एकात दोन फोटो येतात, आधीचा डावीकडे, नंतरचा उजवीकडे. पूर्वी लॅबमध्ये मशिनला हाफ-फ्रेमची जाळी लावली नाही तर असाच जोडफोटो छापून येई आणि गिऱ्हाईक तक्रार करी. मला ही जोडीच या कॅमेऱ्याची खरी ताकद वाटते. बहात्तर फोटो स्वस्तात मिळतात हे कारण दुय्यम आहे. एक फोटो काढल्यावर ‘याच्या शेजारी काय?’ हा प्रश्न उभा राहतो, आणि पुन्हा बटण दाबण्याआधी माणूस नीट बघायला लागतो.

लातूरच्या बाजार समितीत सौद्याच्या वेळी हे शिकता येतं. सोयाबीनचे ढीग, अडत्यांची घाई, पाठीवर पोतं घेतलेले हमाल. हमाल तर जणू उभ्या चौकटीसाठीच उभा असतो. सुरुवातीला मी ढीग लांबून आणि मग जवळून, असे जोड काढत असे. ते कंटाळवाणे होतात, एकच गोष्ट दोनदा सांगितल्यासारखे. खरेदीदार मूठभर दाणे तळहातावर घेतो, एखादा दाताखाली फोडून ओलावा बघतो. तो हात एका चौकटीत, आणि त्या हाताकडे बघत असलेला शेतकरी दुसरीत. ही जोडी बोलते. एका हमालाला प्रिंट नेऊन दिली तेव्हा तो म्हणाला, “पोतं दिसायलं, पन काटा कुठं हाय? काट्याचा बी घ्या की.” त्याचं बरोबर होतं. पाठीवरच्या ओझ्याशेजारी ते मोजणारा काटा हवाच. पुढच्या रोलवर तो घेतला.

माळेगावच्या जत्रेत तर जोड्या शोधाव्याच लागत नाहीत. मार्गशीर्षात लोहा तालुक्यातल्या खंडोबाच्या या जत्रेला घोडे, गाढवं, उंट विकायला येतात. वय पाहायला घोड्याचा जबडा उघडतात: दात एका चौकटीत, मालकाचा चेहरा दुसरीत. भाव ठरवताना दोघे जण रुमालाखाली हात घालून बोटं धरतात, आकडा तिसऱ्याला कळू देत नाहीत. कॅमेरा छोटा, त्याला दीड मीटरच्या पलीकडे फोकस लावायचा नाही, आवाज बारीक, म्हणून अशा जागी कुणाचा सौदा मोडत नाही. तरी आधी विचारावं. बहुतेक लोक मान हलवून हो म्हणतात आणि पुन्हा रुमालाकडे वळतात.

इथे क्रमाचा प्रश्न येतो, कारण फिल्मवर एकदा पडलेली ओळ बदलत नाही. आधी चेहरे आणि मग रुमाल घेतला, तर बघणारा चेहऱ्यावरचा भाव वाचून मोकळा होतो, रुमाल नुसता पुरावा उरतो. आधी रुमाल घेतला, तर आत काय चाललंय हे शोधायला नजर उजवीकडच्या चेहऱ्यावर जाते आणि तिथून परत डावीकडे येते. म्हणून माळेगावात मी आधी रुमाल घेतो, अंगठ्याने चाक फिरवतो, आणि मगच नजर वर करून ज्याची बोटं दाबली गेली त्याच्याकडे कॅमेरा नेतो.