धागा तुटण्याआधीचं गणित

यंत्रमागावर उभा धागा तुटला की काम अडतं. माग थांबवायचा, तुटलेलं टोक शोधायचं, गाठ मारायची, धागा पुन्हा फणीतून ओवायचा आणि मगच माग सुरू करायचा. सोलापूरच्या भवानी पेठेत आणि आसपासच्या पेठांमध्ये मागावर राबणाऱ्यांना हे नवीन नाही. 1877 साली सुरू झालेली जुनी मिल आणि तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांचे माग यांच्यामुळे हे शहर कापडाचं झालं. पुढे इथल्या चादरीला आणि टेरी टॉवेलला भौगोलिक निर्देशांकही मिळाला. या चादरीचा सुबकपणा पहिल्यांदा ठरतो तो ताण्यावरच्या, म्हणजे उभ्या धाग्यांवरच्या ताणात. ताण कमी पडला तर वीण ढिली होते, जास्त झाला तर धागा तुटतो.

हा ताण नेमका किती, हे शोधण्याची एक देखणी रीत अठराव्या शतकात सापडली. ती देणाऱ्या गणितज्ञ जोसेफ-लुई लाग्रांजचा जन्म 1736 साली इटलीतल्या तुरीनचा. त्याचा यांत्रिकीवरचा मोठा ग्रंथ 1788 साली पॅरिसमध्ये छापला गेला आणि त्यात एकही आकृती नाही. बलांचे बाण काढत बसण्याऐवजी त्याने हिशेब ऊर्जेवर उभा केला. गतिज ऊर्जेतून स्थितिज ऊर्जा वजा करायची आणि त्या एका राशीतून गतीची सगळी समीकरणं काढायची.

या रीतीची मोठी सोय अशी की बंधनं आपोआप बाजूला पडतात. दोरीला टांगलेला गोळा वर्तुळाच्या कमानीवरच फिरू शकतो, म्हणून त्याची जागा सांगायला एक कोन पुरतो. दोरी किती ओढते हे न विचारताही झोक्याला किती वेळ लागतो ते कळतं. दोरीची ओढ नेहमी गतीला काटकोनात असते, त्यामुळे ती काम करत नाही आणि ऊर्जेच्या हिशेबात येतच नाही.

पण दोरी तुटेल का, हे विचारायचं असेल तर? तेव्हा हीच सोय अडचण होते, कारण ज्या बलाचं नाव आपण गाळलं तेच आता हवं असतं.

त्यावरचा उपायही लाग्रांजनेच दिला. बंधन गृहीत धरून टाकायचं नाही. गोळा दोरीच्या लांबीइतक्या अंतरावर बांधलेला नाहीच, असं समजून अंतर आणि कोन दोन्ही मोकळे ठेवायचे. मग ‘अंतर म्हणजे दोरीची लांबी’ ही अट एका अज्ञात गुणकासह समीकरणांत घालायची. लॅम्डा या ग्रीक अक्षराने लिहिला जाणारा तो गुणक उत्तरात बाहेर पडतो, आणि इथे तोच दोरीचा ताण असतो. सोलापूरच्या सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेत 30 किलो वजनाचं मूल झोक्यावर बसलं आणि दोर उभ्या रेषेपासून 60 अंशांवर नेऊन सोडला, तर सर्वांत खालच्या बिंदूपाशी दोरांवर एकूण भार येतो 60 किलोचा, म्हणजे बरोबर दुप्पट. दोर आडवा नेऊन सोडला तर तिप्पट. दोर लांब असो वा आखूड, हे प्रमाण बदलत नाही, आणि ही गोष्ट सहजासहजी पटत नाही.

आता मागाकडे वळू. ताणा मागच्या बाजूच्या मोठ्या बीमवर गुंडाळलेला असतो. कापड पुढे सरकतं तसा बीम फिरतो आणि धागा सुटतो. सरकलेली लांबी म्हणजे बीमची त्रिज्या गुणिले फिरलेला कोन, हे इथलं बंधन. लांबी आणि कोन दोन्ही मोकळे ठेवून ही अट गुणकासह लिहिली की गुणकाची किंमत म्हणजे ताण्याची एकूण ओढ. बीम सावकाश फिरतो, म्हणून उत्तर अगदी सुटसुटीत येतं: बीमला रोखणारं घूर्णबल भागिले त्रिज्या.

साध्या मागावर बीमला रोखतो तो त्याच्या कडेच्या चाकाला वेढलेला दोर किंवा साखळी, आणि तरफेला टांगलेलं वजन. ही रोख घर्षणाची आहे. घर्षण काम करतं आणि ऊर्जेची उष्णता करतं, म्हणून लाग्रांजच्या आदर्श बंधनांत ते बसत नाही. त्याचा हिशेब गणितज्ञ ऑयलरच्या सूत्राने वेगळा मांडावा लागतो. घर्षणांक पाव धरला आणि दोराला दीड वेढा दिला, तर दोराच्या एका टोकाचा ताण दुसऱ्याच्या जवळजवळ साडेदहापट होतो. अर्धा वेढा कमी-जास्त झाला तरी सगळं गणित बदलतं.

वजन न हलवता विणत राहिलं तर काय होईल? समजा 3000 धागे आहेत आणि भरलेल्या बीमवर प्रत्येकी 20 ग्रॅम ताण आहे. एकूण ओढ 60 किलो. बीम रिकामा होत त्रिज्या निम्मी झाली की रोख तीच राहते, पण ओढ 120 किलो होते आणि प्रत्येक धाग्यावर 40 ग्रॅम येतात. म्हणून जाणता विणकर बीम उतरत जातो तसं वजन तरफेच्या टेकूकडे सरकवतो. लॅम्डा त्याने कधी लिहिलेला नसतो, पण तो त्याला आवरतो मात्र नेमका.

धाग्याची एवढ्यावर सुटका नाही. धोटा जाण्यासाठी निम्मे धागे वर उचलले जातात. मीटरभर ताणलेला धागा मध्यावर 5 सेंटिमीटर उचलला, तर त्याची वाट अर्धा टक्का लांबते आणि धाग्याच्या ताठरपणानुसार ताण वाढतो. धागा उचलणाऱ्या ज्या डोळ्यातून तो ओवलेला असतो, त्यावर ताणाच्या सुमारे पाचव्या हिश्शाचा दाब येतो. हा दाबही बंधनबलच. तो काढायची युक्ती तीच: डोळा कल्पनेत किंचित सरकवायचा आणि धाग्यात साठलेली ऊर्जा किती बदलली ते पाहायचं.

पदव्युत्तर भौतिकशास्त्रात लाग्रांजची ही रीत सगळीकडे शिकवली जाते. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत काम केलेले नारायणचंद्र राणा आणि पुणे विद्यापीठात शिकवलेले प्रमोद जोग यांचं 1991 सालचं ‘क्लासिकल मेकॅनिक्स’ हे पुस्तक देशभरातले विद्यार्थी वाचतात. तरी वर्गात उदाहरणं येतात ती बहुतेक कप्पीची, उतारावरून घरंगळणाऱ्या कड्याची आणि दोन गोळ्यांच्या लंबकाची. सोलापूरच्या महाविद्यालयांनी यात बीमचं उदाहरण घालावं. एक स्प्रिंगकाटा, एक मोजपट्टी आणि ओळखीच्या कारखान्यात अर्धा तास मिळाला, तर विद्यार्थ्यांना गुणकाची किंमत कागदावर काढून धाग्यावर पडताळता येईल.